पद्मिनीचा सोलेक्स कार्बोरेटर रिच चालतो : पेट्रोल नेमके कोठून जास्त येते हे कसे ओळखावे?

घाटवाट (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे १९८० च्या दशकातील प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिन मूळचेच १०८९ सीसीचे असून त्यावर मूळचाच सोलेक्सचा ३२ मिलिमीटरचा एकेरी कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आहे. गाडी पुण्यात असते, आठवड्यातून एकदोनदा शहरात फिरते आणि अधूनमधून वाई-महाबळेश्वरकडे जाते. पावसाळ्यानंतर ती रिच चालू लागली आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते. चारही प्लग कोरड्या, मऊ काजळीने काळे पडतात, सिग्नलला थांबल्यावर पेट्रोलचा वास आत येतो, आणि पूर्वी लिटरला बारा-तेरा किलोमीटर मिळणारे ॲव्हरेज आता नऊच्या आसपास आले आहे. गरम इंजिन बंद करून लगेच पुन्हा सुरू करायचे झाल्यास ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. पीयूसी चाचणीत कार्बन मोनॉक्साइड ४.६ टक्के आला, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाले नाही.

गॅरेजमध्ये कार्बोरेटर उघडून साफ केला, बाजारात मिळणारे रिपेअर किट टाकले आणि प्लग बदलले. फरक पडला नाही. मेकॅनिकच्या मते हा सगळा २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा परिणाम आहे आणि मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारे मुख्य छिद्र) एक नंबर लहान टाकले की काम होईल. मला एक गोष्ट विशेष खटकते, ती अशी की मिश्चर स्क्रू पूर्ण आत फिरवून बंद केला तरी इंजिन बंद पडत नाही. फक्त किंचित थरथरते आणि चालत राहते.

जेट लहान करणे हा योग्य उपाय आहे का? पसरणी घाटात गाडी अधिकच गुदमरते आणि मागे काळा धूर दिसतो, त्याचा संबंध उंचीशी आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सोलेक्स३२

जेटला एवढ्यात हात लावू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. स्क्रू पूर्ण बंद करूनही इंजिन चालते, हे आपण लिहिले नसते तर मलाही चार शक्यता चाचपाव्या लागल्या असत्या. आता शोधाची दिशा बरीचशी ठरली आहे. या कार्बोरेटरमधला मिश्चर स्क्रू थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या) पाकळीखाली असतो आणि आयडलिंगसाठी (ॲक्सिलरेटर सोडून इंजिन नुसते चालण्यासाठी) पायलट जेटकडून आलेले पेट्रोल-हवेचे मिश्रण किती सोडायचे एवढेच तो ठरवतो. तो आत घेतला की मिश्रण लीन होते (पेट्रोल कमी होते) आणि पूर्ण बंद केला की इंजिन बंद पडलेच पाहिजे. पडत नसेल, तर इंजिनाला पेट्रोल दुसऱ्या वाटेने मिळते आहे, आणि ती वाट सापडेपर्यंत मेन जेट लहान करण्यात अर्थ नाही, कारण आयडलिंगला मेन जेटची वाट कामच करत नसते. उलट जेट लहान केल्यावर हायवेवर आणि चढावर मिश्रण लीन होईल, व्हॉल्व्ह तापतील आणि सिग्नलवरचा पेट्रोलचा वास आहे तसाच राहील.

दुसऱ्या वाटा मुख्यतः तीन आहेत.

माझा पहिला संशय चोकवर, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना मिश्रण रिच करणाऱ्या यंत्रणेवर आहे. मारुती ८०० सारख्या गाड्यांत चोक म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावर आडवी येणारी पाकळी असते आणि ती उघडी आहे की मिटलेली हे डोळ्यांना दिसते. पद्मिनीच्या सोलेक्समध्ये तशी पाकळी नाही. तेथे कार्बोरेटरच्या बाजूला स्टार्टर नावाची वेगळी यंत्रणा बसवलेली असते. तिला स्वतःचे पेट्रोलचे जेट, स्वतःची हवेची वाट आणि मध्ये छिद्रे असलेली एक फिरती चकती असते. केबल ओढली की चकतीची छिद्रे वाटेसमोर येतात आणि थ्रॉटलच्या खाली अतिशय रिच मिश्रण सोडले जाते. केबल आत ढकलूनही लिव्हर शेवटपर्यंत परत गेला नाही, किंवा चकती आणि तिची बैठक यांच्यावर चरे पडले असतील, तर हे मिश्रण सतत झिरपत राहते. डॅशबोर्डवरची मूठ पूर्ण आत गेलेली दिसते, म्हणून कोणी तिकडे पाहतही नाही. गरम इंजिन आयडलिंगला ठेवून कार्बोरेटरजवळचा लिव्हर हाताने बंद दिशेला दाबून पाहावा. आवाज बदलला तर केबल आखूड बसली आहे. बदलला नाही, तर केबल सोडून स्टार्टरची पेटी काढावी, चकतीवर मार्किंगची निळी शाई अगदी पातळ लावून बैठकीवर फिरवावी आणि शाई सगळीकडे सारखी उमटते का ते पाहावे. हलके चरे असतील तर सपाट काचेवर अतिबारीक पॉलिश पेपर ठेवून चकती घासता येते. खोल असतील तर बदलावी.

दुसरी वाट म्हणजे थ्रॉटलची पाकळी प्रमाणापेक्षा जास्त उघडी असणे. आयडलिंगचा वेग कमी पडतो म्हणून थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू आत आत घेत गेले की पाकळीची कड बायपासच्या बारीक छिद्रांच्या वर सरकते आणि ती छिद्रे पेट्रोल देऊ लागतात. या छिद्रांवर मिश्चर स्क्रूचे नियंत्रण नसते. वेग मुळात कमी का पडत होता, हा प्रश्न त्यामुळे मागे राहून जातो.

तिसरी वाट फ्लोटची, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या चेंबरमध्ये तरंगून पातळी राखणाऱ्या तुकड्याची. फ्लोट चेंबरमधली पेट्रोलची पातळी वाढली तर आयडलिंगपासून पूर्ण वेगापर्यंत सगळीकडे मिश्रण रिच होते, आणि आपली गरम गाडी सुरू न होण्याची तक्रार या कारणाशी चांगली जुळते. एअर फिल्टर काढून, इंजिन आयडलिंगला असताना, टॉर्चने कार्बोरेटरच्या नरड्यात पाहावे. मधल्या नळीतून आयडलिंगला एकही थेंब पडता कामा नये. इंजिन बंद केल्याक्षणी थेंब पडत असतील तर पातळी जास्त आहे किंवा नीडल व्हॉल्व्ह (फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणारा) धरत नाही. पाचसात मिनिटांनी पडू लागले तर ते उष्णतेने चेंबरमधले पेट्रोल उकळल्यामुळे असू शकते. तो दोष वेगळा आणि त्याचे उपायही वेगळे. हे पाहताना इंजिनाच्या वर वाकून सिगारेट किंवा उघडा बल्ब नको आणि अग्निशामक हाताशी असावा.

नीडल व्हॉल्व्ह कार्बोरेटरच्या झाकणात खालून बसतो आणि त्याच्या खांद्याखाली एक वॉशर असतो. या कार्बोरेटरमध्ये पातळी ठरते ती त्या वॉशरच्या जाडीवर. वॉशर जाड असेल तर व्हॉल्व्ह खाली येतो, फ्लोट लवकर बंद करतो आणि पातळी उतरते. नवे किट टाकताना जुना वॉशर फेकून पातळ वॉशर बसवला गेला असेल, तर दुरुस्तीनंतर गाडी पूर्वीपेक्षा रिच होणे स्वाभाविक आहे. फ्लोट पितळी असेल तर तो कानाशी हलवून पाहावा आणि गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहावे. आत पेट्रोल शिरलेला फ्लोट जड होऊन बुडतो. त्याला तसाच डाख लावायला घेऊ नये, कारण आतली वाफ पेट घेते. आतले पेट्रोल पूर्ण काढून सुकवावे लागते. डाखाचे वजन वाढले तरी पातळी बदलते, म्हणून नवा फ्लोट मिळत असेल तर तोच घ्यावा.

या तिन्ही गोष्टी निर्दोष निघाल्या तर मग जेट. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. आपल्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्यांशी मेन जेट, पायलट जेट आणि एअर करेक्शन जेट (पेट्रोलात हवा मिसळणारे) हे तिन्ही ताडून पाहावेत. १२० च्या जागी १३० बसले असेल तर व्यास थोडासाच वाढलेला वाटतो, पण छिद्राचे क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी वाढते. एअर करेक्शन जेटचा हिशेब उलटा आहे. ते लहान असेल किंवा धुळीने अर्धे बुजले असेल तर वेग वाढत जाईल तसे मिश्रण रिच होत जाते. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. पितळी जेट तारेने खरवडून साफ करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि तिने कितीतरी चांगले कार्बोरेटर कायमचे बिघडले आहेत. छिद्र मोठे होते, कडा फाटतात आणि आकडा मात्र तोच दिसत राहतो. जेट क्लीनरमध्ये भिजवून कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकावे, एवढे पुरेसे असते.

तेलपाणी

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु क्रम माझ्या मते वेगळा असावा. कार्बोरेटर उघडण्याआधी इग्निशन पाहावे.

कारण असे की थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू एवढा आत का घ्यावा लागला, याचे उत्तर पुष्कळदा टायमिंगमध्ये, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेत असते. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची (ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या संपर्काची) फायबर टाच झिजली की गॅप कमी होतो आणि ठिणगी उशिरा पडू लागते. ठिणगी उशिरा पडली की त्याच थ्रॉटलवर इंजिनाचा वेग उतरतो, मग स्टॉप स्क्रू आत घेतला जातो, पाकळी बायपासच्या छिद्रांवर जाते आणि गाडी रिच होते. म्हणजे दोष डिस्ट्रिब्युटरमध्ये असतो आणि उपचार कार्बोरेटरवर चालतो. कंडेन्सर अशक्त झाला असेल तर ठिणगीच दुबळी पडते, मिश्रण पूर्ण जळत नाही आणि योग्य मिश्रणावरही प्लग काळे होतात. म्हणून आधी पॉइंट, कंडेन्सर, प्लगची गॅप आणि टायमिंग लाइटने टायमिंग; त्याच बैठकीत इंजिन थंड असताना टॅपेट (व्हॉल्व्हचे अंतर); आणि एअर फिल्टर काढून गाडी कशी चालते तेही पाहावे. धुळीने भरलेला फिल्टर अर्धा चोक ओढल्याचेच काम करतो. हे सगळे घरी होण्याजोगे आहे आणि एकदा झाले की कार्बोरेटरवरचा संशय पक्का होतो किंवा फिटतो.

आता इथेनॉलविषयी. मेकॅनिकचे म्हणणे दिशेनेच उलट आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याला सुमारे ९ भाग पुरतात, आणि २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५. जेट तेच ठेवून हे इंधन वापरले तर मिश्रण लीन होते, रिच होत नाही. त्यामुळे मला वेगळीच शंका येते. मध्यंतरी कोणीतरी लीनची तक्रार घालवण्यासाठी मोठे जेट बसवले असावे, आणि आता त्याच्यावर फ्लोटचा किंवा चोकचा दोष चढला असावा. जेटचे आकडे पाहण्याचे हे आणखी एक कारण.

इथेनॉलचा अप्रत्यक्ष परिणाम मात्र होतो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. जुन्या रबरी नळ्या आतून सुटतात, त्यांचे काळे कण नीडल व्हॉल्व्हच्या बैठकीवर अडकतात आणि व्हॉल्व्ह धरेनासा होतो. गाडी पावसाळ्यात उभी राहिली असेल तर इथेनॉल दमट हवेतले पाणी ओढून घेते, पाणी फ्लोट चेंबरच्या तळाशी साचते आणि जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी बुरशीसारखी भुकटी तयार होते. आपली तक्रार पावसाळ्यानंतर सुरू झाली, हे मी म्हणूनच महत्त्वाचे मानतो. नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या प्रकारच्या घालाव्यात आणि पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवावा. मूळचा कॅमशाफ्टवर चालणारा यांत्रिक पंप काढून कोणी विजेचा पंप बसवला असेल तर त्याचा दाबही मोजावा. अशा कार्बोरेटरला साधारण २ ते ३ पीएसआय पुरतो. त्याहून बराच जास्त दाब चांगल्या नीडल व्हॉल्व्हलाही उचलून धरतो.

मोजपट्टी

उंचीचा प्रश्न राहिला आहे, म्हणून लिहितो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. एवढ्या चढात हवेची घनता साधारण ८ टक्क्यांनी घटते. कार्बोरेटरमधले मिश्रण घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात रिच होते, म्हणजे फरक ४ टक्क्यांच्या आसपास पडतो. निरोगी कार्बोरेटर एवढा फरक सहज पचवतो. ताकद थोडी कमी वाटते, पण काळा धूर येत नाही. आपल्या गाडीचे मिश्रण पुण्यातच मर्यादेच्या काठावर असल्यामुळे घाटातली ही छोटी भर ती पलीकडे ढकलते. म्हणून महाबळेश्वरसाठी वेगळे जेट घेण्याची गरज नाही. पुण्यात नीट बसलेली गाडी तेथेही नीट चालेल.

दोष दुरुस्त झाल्यावर ट्यूनिंग कानावर सोडू नये, मोजून करावे. पीयूसी केंद्रावरचे गॅस ॲनलायझर हे यासाठी उत्तम साधन आहे आणि गर्दी नसताना गेले तर बहुतेक केंद्रचालक नळी सायलेन्सरमध्ये ठेवून पाचदहा मिनिटे काम करू देतात. भारत स्टेज २ या उत्सर्जन मानकापूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांसाठी आयडलिंगला मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएम आहे. इंजिन पूर्ण गरम असावे, चोक बंद असल्याची खात्री केलेली असावी. मिश्चर स्क्रू हलक्या हाताने आत टेकवून दीड ते दोन फेरे बाहेर घ्यावा. तो जोराने आवळला तर टोकावर कंगोरा पडतो आणि पुढे सूक्ष्म सेटिंग होत नाही. स्टॉप स्क्रूने वेग मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणावा, मग मिश्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत इंजिनाचा वेग सर्वाधिक होईल ते स्थान शोधावे, वेग वाढला तर स्टॉप स्क्रू मागे घ्यावा आणि हे दोन्ही आलटून पालटून करावे. शेवटी स्क्रू किंचित आत घेऊन कार्बन मोनॉक्साइड दीड ते अडीच टक्क्यांमध्ये ठेवावा. आकडा कमी होताना हायड्रोकार्बन एकदम उसळला, तर मिश्रण फार लीन होऊन एखादा सिलिंडर मिस होतो आहे असे समजावे आणि थोडे मागे यावे.

आयडलिंगचा आकडा मेन जेटविषयी काहीच सांगत नाही, हेही लक्षात असावे. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये काही किलोमीटर स्थिर वेगाने चालवावे, क्लच दाबून त्याच क्षणी इग्निशन बंद करावे आणि गाडी सुरक्षित जागी थांबवून प्लग काढून पाहावेत. सिग्नलमधून हळूहळू घरी येऊन पाहिलेले प्लग आयडलिंगची काजळी दाखवतात, मेन जेटची नव्हे.

घाटवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तेलपाणी यांच्या क्रमाने सुरुवात केली. पॉइंटची गॅप खूपच कमी झाली होती आणि टायमिंग मागे गेले होते. ते जागेवर आणल्याबरोबर आयडलिंगचा वेग वाढला आणि स्टॉप स्क्रू बराच बाहेर घेता आला. त्यानंतर मिश्चर स्क्रू बंद केल्यावर इंजिन बंद पडण्याच्या बेतात येऊ लागले, पण पूर्ण पडत नव्हते.

मग चोकचा लिव्हर हाताने दाबून पाहिला. तो अजून काही मिलिमीटर मागे गेला आणि आवाज स्पष्टपणे बदलला. केबलचे बाहेरचे आवरण क्लॅम्पमध्ये चुकीच्या जागी पकडलेले होते. केबल नीट बसवल्यावर स्क्रूला प्रतिसाद मिळू लागला. नरड्यात इंजिन बंद करताच थेंब पडत होते. झाकण काढले तेव्हा किटमधला वॉशर मूळ जाडीच्या जवळपास अर्धा निघाला. योग्य जाडीचा वॉशर घातल्यावर थेंब थांबले. मेन जेट खरोखरच मॅन्युअलपेक्षा मोठे निघाले, तेही मूळ मापाचे घातले आहे. पीयूसी केंद्रावर कार्बन मोनॉक्साइड २.१ टक्क्यांवर स्थिर झाला आणि प्रमाणपत्र मिळाले.

आता एकच तक्रार उरली आहे. सिग्नलवरून निघताना ॲक्सिलरेटर पटकन दाबला की क्षणभर गाडी मरगळते आणि मग उचलते. पूर्वी हे जाणवत नव्हते.

सोलेक्स३२

पूर्वी सगळीकडेच पेट्रोल जास्त असल्यामुळे ॲक्सिलरेटर पंपाचा अशक्तपणा झाकला जात होता. मिश्रण आणखी रिच करून तो पुन्हा झाकू नये. इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टर काढून, नरड्यात पाहत थ्रॉटल हाताने झटकन उघडावा. पंपाच्या नळीतून पेट्रोलची सरळ, अखंड धार लिव्हर हलताक्षणी सुटली पाहिजे. धार उशिरा येत असेल तर पंपाचा पडदा कडक झाला आहे किंवा त्याखालचा चेंडूचा व्हॉल्व्ह पेट्रोल मागे सोडतो आहे. बारीक किंवा वाकडी येत असेल तर पंपाचे जेट तुंबले आहे. पडदा इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचा घ्यावा. धार चांगली निघाली तर थ्रॉटलचा दांडा त्याच्या भोकात हलतो का ते पाहावे, कारण झिजलेल्या दांड्याच्या कडेने शिरणारी हवा नेमकी याच क्षणी त्रास देते.

आणि इंजिन ऑइल लगेच बदलावे. एवढा काळ रिच चाललेल्या इंजिनात पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइल पातळ करते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी भरल्यापेक्षा वर गेलेली दिसत असेल, तर ऑइल बदलेपर्यंत गाडी घाटात नेऊ नये.